दसऱ्यानंतर पकड का सुटते

दसरा झाला की माझा फोन वाजायला लागायचा. निवृत्त झालो तरी अजून वाजतो. पलीकडचा माणूस नमस्कार म्हणत नाही, नाव सांगत नाही. "साहेब, टेबल पकडंना झालंय," एवढंच. मी विचारतो, "खंडेनवमीची पूजा केली का?" पलीकडे शांतता. मग बारीक आवाजात, "केली की." मी विचारतो, "नारळ कुठं फोडला?" पुन्हा शांतता. ती शांतता ऐकली की मला मशीन न बघताच दुखणं कळतं.

मी लाकूडकामाच्या मशिनी दुरुस्त करायचो. त्यातही माझं खातं व्हॅक्यूमचं. इथं शहराबाहेर वाळूजला, चिकलठाण्याला फर्निचरचे कारखाने आहेत, तिथल्या मशिनींवर कटर कॉम्प्युटरच्या हुकमानं फिरतो आणि फळीतून दारं, कप्पे, नक्षी कापून काढतो. कटर चारी बाजूंनी फिरणार म्हटल्यावर फळी शिकंज्यात धरून चालत नाही, शिकंजा मध्ये येतो. म्हणून फळी खालून हवेनं धरतात. टेबलाखाली पंप असतो, तो हवा काढून घेतो आणि फळी टेबलाला चिकटून बसते. पकड चांगली असेल तर दोन माणसांनी ढकललं तरी हलत नाही. पकड सुटली तर तीच फळी कटरच्या जोरानं अशी उडते, की समोरच्यानं आईवडिलांची आठवण काढावी.

यातली पहिली गोष्ट लोकांच्या डोक्यात कधी शिरली नाही. पंप फळीला ओढत नाही. पंप फक्त खालची हवा काढतो, दाबते ती वरची हवा. गरम वरणाचा डबा झाकण लावून ठेवला आणि गार झाला की झाकण उघडता उघडत नाही, तसंच हे. हे मी शेकडो वेळा सांगितलं. ऐकणारा मान डोलावायचा आणि शेवटी विचारायचा, "म्हणजे मोठा पंप बसवायचा ना?"

दुसरी गोष्ट तर कुणी मानायलाच तयार नसायचं. टेबलावर एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या भुशाचा, एक जाड बोर्ड कायमचा अंथरलेला असतो. कटर थोडा खाली गेला तर टेबल न चिरता तो चिरला जावा म्हणून. पंपाची हवा त्या बोर्डातूनच आरपार जाते. "लाकडातून हवा कशी जाईल?" असं इंजिनिअर झालेले लोक मला विचारायचे. मी एमडीएफचा तुकडा पाइपच्या तोंडाला लावायचो, वर कागद ठेवायचो, कागद चिकटायचा. मग ते कागदाकडे न बघता माझ्याकडे संशयानं बघायचे.

एका कारखानदारानं टेबलाच्या खाचेतली, हवा अडवणारी रबरी दोरी झिजली म्हणून औरंगपुऱ्याच्या बाजारातून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणून बसवली. "दोरीच हाय ना," म्हणाला. दुसऱ्यानं पंपात भुसा जाऊ नये म्हणून फिल्टरवर बायकोची जुनी साडी गुंडाळली. भुसा गेला नाही, हवाही गेली नाही. तिसऱ्याकडे मी पोहोचलो तेव्हा कटर चालू होता आणि फळीवर एक माणूस मांडी घालून बसला होता. मी ओरडून मशीन बंद करायला लावलं. मालक शांतपणे म्हणाला, "वजनदार बघूनच बसवलाय." त्या वजनदार माणसालाही यात काही वावगं वाटलं नव्हतं. पगारी काम बसून होतंय, यावर तो खूश होता.

या सगळ्यांवर कडी म्हणजे पंप विकणारे. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्याला एकच औषध. रबर फाटलं, नवा पंप. फिल्टर तुंबला, नवा पंप. इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, टेबलावर बोटानं टकटक करायचे आणि हळहळत मान हलवायचे. त्यांच्यातल्या एकानंही कधी गुडघे टेकून टेबलाखाली बघितलेलं मला आठवत नाही.

खरं तर बघायचं फार थोडं असतं. पंपावर हवेची ओढ दाखवणारा एक काटा असतो. काटा खाली असेल तर कुठून तरी चोरटी हवा आत येतेय: रबर फाटलंय, पाइप चिरलाय, एखादी तोटी उघडी राहिलीय. काटा वर आहे आणि तरी फळी सरकतेय, तर ओढ कुठं तरी मध्येच अडकलीय, फळीपर्यंत पोहोचतच नाही. माझी सगळी नोकरी या दोन वाक्यांत मावते. पण काटा वर दिसला की मालक म्हणतो मशीन ठणठणीत आहे, आणि मग चूक कुणाची? मशीन चालवणाऱ्याची. हे तिसरं वाक्य मालकांनी स्वतःच्या सोयीनं जोडलेलं आहे.

आता खंडेनवमीचं. आम्ही बौद्ध. आमच्या घरी मशिनीची, हत्याराची पूजा होत नाही, दसऱ्याला आम्ही कुटुंबासह बुद्धलेणीवर असतो. पण कारखान्यातल्या पूजेला मी कधी नाक मुरडलं नाही. माणूस ज्या मशिनीवर जगतो तिला वर्षातून एकदा धुतो, पुसतो, हार घालतो, हे मला आवडायचं. बोलावलं तर मी जायचो, पेढाही घ्यायचो. माझं भांडण फक्त त्यानंतरच्या अकलेशी होतं. नारळाचं पाणी टेबलाच्या भोकात, रबरावर तेलाचं बोट, पंपाच्या तोंडाशी झेंडूच्या पाकळ्या. एकानं तर उदबत्ती एमडीएफच्या बोर्डात खोचून ठेवली होती. देवाला पोहोचलं की नाही ठाऊक नाही, पंपाला सगळं पोहोचायचं.

त्यातली एक खंडेनवमी मात्र मला अजून सलते.

वाळूजला स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं बनवणारा एक कारखाना आहे. मालक सतीशशेठ. वडिलांची शहरात लाकडाची वखार होती, तिच्यावर हे सगळं उभं राहिलं. वडील गेल्यावर मुलानं वखार विकली, वाळूजला शेड बांधली, वर काचेची केबिन केली आणि त्या केबिनमधून खाली बघत तो कारखाना चालवायचा. लाकडाला हात लावलेला मी त्याला पाहिला नाही. त्याची आई, जिला सगळे कामगार मोठ्या बाई म्हणायचे, उमेदीत नवऱ्याबरोबर वखारीत बसायची. लाकूड ठोकून आवाजावरून ओलं की वाळलेलं सांगायची म्हणे. तिला आता कारखान्यात वर्षातून एकच दिवस यायला मिळायचं, खंडेनवमीला. तेही शेठला खपायचं नाही. "गिऱ्हाइकं येतात, हळद-कुंकू सांडलेलं असतं, बरं दिसत नाही," असं तो मला एकदा म्हणाला होता.

त्या वर्षी दसऱ्यानंतर शेठचा फोन आला. "साळवे, दाराची फळी उडाली. कटर तुटला, तो फिरवणाऱ्या स्पिंडलला दणका बसला. तुम्ही फक्त येऊन सांगा की मशीन ओके आहे. बाकीचं मी बघतो."

मला मशीन तपासायला नव्हे, शिक्का मारायला बोलावलं होतं. असल्या बोलावण्यांची मला चीड आहे, म्हणून मी लगेच गेलो.

मशीन चालवणारा होता भागवत कोळेकर. खुलताबादकडचा, धनगराच्या घरचा. बाप अजून मेंढरं राखायचा. भागवत आयटीआय करून वाळूजला आला, मशीन शिकला, खोली घेतली, पोरीला शाळेत घातलं. मी बघितलेल्या चालवणाऱ्यांत त्याच्याइतकं टेबल स्वच्छ ठेवणारा दुसरा नव्हता. तो गेटच्या आत बाकावर बसला होता. मशिनीला हात लावायचा नाही असा हुकूम होता.

"लागलं का रे कुठं?" मी विचारलं.

"नाय. बाजूला उभा व्हतो म्हणून वाचलो." मग म्हणाला, "शेठ म्हणत्यात काटा वर यायच्या आधीच चालू केलं. म्या बघून चालू केलं, साहेब. काटा फुल व्हता. मेंढरांमागं जायला माझी ना नाय, पण मशीन फोडून आला, असं म्हणून घेऊन नाय जायचं. मंग वाळूजात कोण उभं करंल मला?"

ते खरंच होतं. वाळूजला पगाराची बातमी फुटत नाही, पण कुणाला हाकललं ही बातमी शिफ्टच्या बसमध्ये बसून चारी फाट्यांना पोहोचते.

शेठ खाली आला. बरोबर इस्त्रीच्या शर्टातला एक पंप विकणारा होताच. मी मशीन चालू करायला लावलं. काटा सरसर वर गेला. "बघा," शेठ म्हणाला. पंप विकणाऱ्यानं हळहळत मान हलवली आणि तरीही मोठा पंप असता तर, अशी सुरुवात केली. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

"टेबल मोकळं करा," मी म्हणालो. "वर एक चिटोरंही नको."

टेबल मोकळं केलं. पुन्हा पंप चालू. टेबलावर काहीच नसताना बोर्डातून हवा आत शिरायला हवी आणि काटा खाली यायला हवा. काटा जागचा हलला नाही. फळी नाही, काही नाही, तरी पंपाला वाटतंय की सगळं टेबल झाकलेलं आहे. म्हणजे बोर्डच हवा सोडत नव्हता. पण वरचा बोर्ड तर कोरा, नवा, तपकिरी दिसत होता. बाजूनं बघितलं तर कड हिरवी. बोर्डाच्या कडांमधून हवा चोरली जाते म्हणून कडांना ऑइल पेंट लावायला मीच सांगितलं होतं. त्या हिरव्या कडेकडे बघून मी मनात त्यांना शाबासकीही दिली. मग वाकून पाहिलं, तर एकाच्या जागी दोन बोर्ड एकावर एक होते.

"वरचा उचला."

दोघांनी वरचा बोर्ड उचलला. खाली दुसरा बोर्ड, सबंध हिरवागार रंगवलेला. तोंडापासून पायापर्यंत चकचकीत ऑइल पेंट. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, भोवती हळद, वाळलेल्या अक्षता, झेंडूच्या चपट्या झालेल्या पाकळ्या. उचलणाऱ्यांतल्या एकानं पटकन चपला काढल्या. मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. ऑइल पेंटमधून हवा जायला तिला काय गेटपास देणार होते का?

"हे कुणी केलं?" शेठनं विचारलं.

भागवत मागून पुढं आला. "म्या."

शेठचा चेहरा उजळला. माझ्यासमोर, सगळ्यांसमोर. "झालं तर. साळवे, चूक त्याचीच निघाली ना?" आणि उत्तराची वाट न बघता तो जिना चढून गेला.

मी भागवतला कॉम्प्रेसरच्या मागं नेलं. "तुला बोर्डाचं सगळं कळतं. तू दर आठवड्याला कटरनं त्याची वरची साल काढतोस. तू ह्याला रंग देशील? खरं बोल."

त्यानं आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं. मग म्हणाला, "मोठ्या बाई आल्या पूजेला. बोर्ड बघून म्हणाल्या, ह्या उघड्या-बोडक्या फळीला कुंकू लावू व्हय? आधी रंग दे. म्या म्हणलं, आई, ह्यातनं हवा जाती. तर म्हणाल्या, वखारीत मालकांच्या करवतीला मी दर साली रंग दिलाय, कधी अडलं नाय. आता म्हाताऱ्या माणसाला किती बोलायचं? कडेचा रंग डब्यात उरला व्हता, दिला."

"बरं दिला. पूजा झाल्यावर बोर्ड काढून का टाकला नाहीस? निदान कटरनं वरचा रंग छिलायचास."

तो माझ्याकडे असा बघायला लागला की वेडा मीच. "कुंकवावर कटर चालवू? आन् पुजलेली फळी काढून टाकू कुठं, भंगारात? म्हणून तिच्यावर नवा बोर्ड टाकला. थोडी तरी पकड व्हती, साहेब. बारकी कामं निघाली. मोठं दार लावलं आन् उडालं."

बाई अडाणी नव्हती, हा तर मुळीच नव्हता, आणि दोघांनी मिळून ज्याला मूर्खपणाशिवाय दुसरं नाव नाही असं काम केलं होतं, अगदी मनोभावे. मी म्हणालो, "चल वर. शेठला सांगू."

त्यानं माझा हात धरला. "त्यांचं नाव घेऊ नका. शेठ त्यास्नी गेटच्या आत येऊ द्यायचे नायत. वर्साचा एकच दिस येत्यात. आल्या की एकेका मशिनीला हात लावून बघत्यात. ऱ्हाऊ द्या."

"आणि तू जाशील मेंढरांमागं?"

"बघू."

त्या 'बघू'नं माझं डोकं फिरलं. मोठेपणा करायचा तर माणसानं स्वतःच्या जिवावर करावा, पोरीच्या शाळेवर कसला करतोस? असं काहीबाही मी त्याला बोललो आणि तरातरा जिना चढलो.

केबिनमध्ये मोठ्या बाई बसलेल्या होत्या. अपघाताचं कानावर आलं होतं, म्हणून मुलाचा डबा घेऊन आल्याचं निमित्त करून त्या भागवतला बघायला आल्या होत्या. मला बघताच त्यांनी विचारलं, "पोराला खरंच कुठं लागलं नाय ना?"

आता तोंड आवरणं शहाणपणाचं होतं. मी शेठला म्हणालो, "रंग भागवतनं दिला. पण त्याला रंग द्यायला सांगितलं गेलं होतं. त्यानं हवेचं सांगितलंही होतं."

"कुणी सांगितलं?" शेठनं विचारलं.

मी नाव घेतलं नाही. मी काचेतून खाली बघत राहिलो. पण नाव न घेताही बोट मीच दाखवलं होतं.

"म्या सांगितलं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आई, तू?"

"व्हय. त्या पोराला कशाला काढतो? काढायचं तर मला काढ कामावरून."

केबिनच्या कोपऱ्यात बसलेला हिशेब बघणारा हसला. मीही हसलो. शेठलाही हसणं भाग पडलं. भागवतला वर बोलावून कामाला लाग म्हणून सांगितलं गेलं, आणि पंप विकणारा चहा न घेताच निघून गेला.

खाली रंग काढायची वेळ आली तेव्हा भागवतचा हात बटणाकडे जाईना. मोठ्या बाई जिना उतरून आल्या. ओलं फडकं घेतलं, कुंकू, हळद, अक्षता निगुतीनं पुसून एका कागदात घेतलं आणि फडकं पिळत म्हणाल्या, "देवी उठली आता. चालव." भागवतनं जुन्या कटरनं हिरवी साल काढली, टेबलभर हिरवा भुसा उडाला. मोकळ्या टेबलावर काटा खाली आला. दाराची फळी ठेवली, काटा वर गेला. मी फळीला खांद्यानं रेटा दिला, ती तसूभर हलली नाही. बाईंनीही तळहातानं रेटून बघितलं. "ही हवा धरती व्हय?" म्हणाल्या. मी त्यांना वरणाच्या डब्याची गोष्ट सांगितली. आयुष्यात ती एका फटक्यात कळलेलं तेवढंच एक माणूस मला भेटलं. माझ्या कामाचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर त्या कारखान्यातून फोन आला नाही. नेहमीच्या देखभालीला मी आपणहून गेलो. मशीन चकाचक, टेबलावर कुंकवाचा ठिपका नाही, पकड उत्तम. भागवत होता. पण नेहमीसारखा चहा सांगायला धावला नाही.

"यंदा पूजा केली नाही वाटतं?" मी विचारलं.

"वर हापिसात केली. फोटोला हार घातला."

"मोठ्या बाई आल्या होत्या?"

तो टेबल पुसत राहिला. पुसलेलंच पुन्हा पुसलं. मग म्हणाला, "येत नायत आता. शेठनी त्यास्नी सांगितलंय, सर्व्हिसवाल्या साळवेंनी मना केलंय म्हणून. मशिनवर पूजा केली तर आपून हात लावणार नाय म्हणले. त्यांच्यात चालत नाय, म्हणं."

मला आधी ते नीट समजलंच नाही. मग समजलं. मी मना केलं होतं ते ऑइल पेंटला. शेठला आई कारखान्यात नको होती, आणि तिला तोंडावर नको म्हणायची त्याची छाती नव्हती. त्याला माझं आडनाव आयतं सापडलं होतं.

"बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आसंल. ज्याचं त्याचं."

"आणि तू? तुला तर माहीत होतं."

"मला माहीत हाय, साहेब. पण माझी नोकरी तुमीच वाचवली ना," भागवत म्हणाला. "ती घालवू का?"

मी तसाच गाडी काढून शेठच्या घरी गेलो. गेटपाशी गाडी लावली. बाई ओसरीवर ऊन खात बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला. "या," म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात पूर्वीचं काहीही नव्हतं.

काय सांगणार होतो मी? मी मना केलं नाही, हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग कुणी केलं? सगळा जन्म मी दुसऱ्यांच्या माथ्यावरची खोटी चूक काढत आलो, पण ही माझ्या माथ्यावरची काढली तर ती सरळ त्यांच्या पोटच्या पोराच्या माथ्यावर जाऊन बसणार होती. त्या वयात बाईला सर्व्हिसवाला वाईट निघालेला परवडला असता.

"इकडून चाललो होतो, तब्येत विचारावी म्हटलं," मी म्हणालो. त्यांनी बसा म्हटलं नाही. मी गाडी वळवली आणि घरी आलो.